बुल रायडिंगचे गुण : निम्मे स्वाराचे, निम्मे वळूचे

रानवाटा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. टेक्सासच्या गप्पांमध्ये रोडिओचा, म्हणजे अमेरिकेतल्या काउबॉय खेळांच्या स्पर्धांचा, विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. दोघंही उधळत्या वळूवर आठ सेकंद टिकले, मग एकाला ७४ आणि दुसऱ्याला ८९ कसे? तिथे तुकड्यातुकड्यांत उत्तरं देण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं म्हणून हा वेगळा धागा काढतेय. हा खेळ मी बरीच वर्षं मन लावून बघते आहे. गुण कसे पडतात ते कळल्याशिवाय यातलं खरं कसब दिसतच नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी घड्याळाचं. वळूला जेमतेम उभं राहता येईल अशी लोखंडी कोंडी असते, तिला शूट म्हणतात. स्वार तिथेच पाठीवर बसतो, राळ चोळलेला दोर हातमोजा घातलेल्या मुठीभोवती आवळतो आणि मान हलवतो. फाटक उघडतं. वळूचा खांदा किंवा कूस फाटकाच्या रेषेबाहेर आली की आठ सेकंद मोजायला सुरुवात. दोर एकाच हाताने धरायचा. मोकळा हात वळूला, दोराला किंवा स्वतःच्या अंगाला लागला की स्वारी बाद. धरलेला हात दोरातून सुटला तरी बाद. बाद म्हणजे शून्य, मग सात सेकंद कितीही सुंदर बसलेला असो.

आठ सेकंद पुरे केले की गुणांचा प्रश्न येतो. पीआरसीए या जुन्या संघटनेच्या रोडिओत साधारणपणे दोन पंच असतात. प्रत्येकाच्या हातात ५० गुण, त्यातले २५ स्वाराचे आणि २५ वळूचे. दोघांची बेरीज १०० पैकी. पीबीआर ही फक्त बुल रायडिंगची संघटना, १९९२ मध्ये वीस स्वारांनी प्रत्येकी हजार डॉलर काढून सुरू केलेली. तिने चार पंच बसवले आणि चौघांची बेरीज दोनाने भागायला सुरुवात केली. ८७.२५ असे पाव गुणही फळ्यावर दिसतात.

आता मुख्य मुद्दा. निम्मे गुण जनावराचे आहेत! वळू शांतपणे सरळ रेषेत उड्या मारत गेला तर त्याला कमी गुण मिळतात, आणि तुम्ही त्याच्यावर कितीही रुबाबात बसलात तरी तुमची बेरीज सत्तरीतच अडकते. पंच वळूत काय बघतात? पुढचं धड किती उंच उठतं आणि किती जोरात खाली आदळतं. त्याच वेळी मागचे पाय किती वर आणि किती ताणून झाडले जातात. तो जागच्या जागी गरगर फिरतो का, मधेच दिशा पालटतो का. काही वळू हवेत असताना पोट एका अंगाला वळवतात, त्याने स्वाराची मांड साफ निखळते. आणि शेवटी एकूण जोर. पहिल्या उडीपासून आठव्या सेकंदापर्यंत आवेश टिकला की मधेच ओसरला?

स्वाराकडे बघताना पंच ताबा शोधतात. छाती पुढे, हनुवटी गळ्याशी, मांड्या आवळलेल्या, बूड दोराच्या जवळ. वळूची उडी संपायच्या आत स्वार पुढच्या उडीच्या जागी पोचलेला हवा. जो प्रत्येक उडीला अर्धा क्षण मागे पडतो आणि ओढूनताणून सावरतो, तो टिकतो खरा, पण गुण कमी पडतात. काट्यांनी, म्हणजे बुटाच्या टाचेच्या स्परने, टाच मारून दाखवली तर वरचे गुण मिळतात. बुल रायडिंगमध्ये ती सक्ती नाही. स्परची चाकं बोथट असतात, हेही इथेच सांगते, नाहीतर पुढचा प्रश्न तोच येईल.

---

बायूकाठी

रानवाटाताई, फार उपयोगी धागा. दरवर्षी मार्चमध्ये ह्यूस्टनच्या एनआरजी स्टेडियममध्ये आम्ही मित्रमंडळी रोडिओला जातो आणि निम्मा वेळ फळ्यावरचे आकडे बघून एकमेकांची तोंडं बघतो.

दोन शंका आहेत. मागे एक स्वार अक्षरशः वळूच्या कुशीला लोंबकळत होता, तरी भोंगा होईपर्यंत सुटला नाही आणि त्याला गुण मिळाले. हे चालतं? आणि दुसरं, एकाला गुण जाहीर झाल्यावर निवेदक "री-राइड" म्हणाला आणि तो पोरगा परत शूटकडे धावला. चांगले मिळालेले गुण सोडून कोण जातं?

---

रानवाटा

बायूकाठी, लोंबकळणं चालतं. हात दोरात आहे, मोकळा हात कुठे लागला नाही, अंग जमिनीला टेकलं नाही, तर स्वारी पूर्ण. स्वाराच्या वाट्याचे गुण मात्र घसरतात, कारण तिथे ताबा उरलेलाच नसतो.

री-राइड ही या पद्धतीतली मला सर्वांत न्याय्य वाटणारी गोष्ट आहे. वळूने काहीच केलं नाही, मधेच थांबला, घसरून पडला किंवा फाटकातून निघताना स्वाराला लोखंडावर घासलं, तर पंच स्वाराला पर्याय देतात. मिळालेले गुण ठेव, नाहीतर ते सोडून दुसऱ्या वळूवर बस. हा निर्णय त्याला धापा टाकत, तिथल्या तिथे घ्यावा लागतो. ७१ वर समाधान मानायचं की दुसऱ्या वळूवर ८५ मिळवायला जाऊन शून्य पदरात घ्यायचं? त्या दिवशी आघाडीवर कोण आहे, मनगटात जोर किती उरलाय, दुसरा वळू कसा आहे, हे सगळं त्यात येतं. तुमच्या त्या पोराने ७१ सारखे काहीतरी सोडले असणार. चांगले गुण कोणी सोडत नाही.

दोन पंच असले तर ते शूटच्या दोन अंगांना उभे राहतात, तेही बघून ठेवा. मोकळा हात वळूला निसटता लागला तर तो एकाच बाजूने दिसतो. पीबीआरमध्ये आता व्हिडिओ बघून निर्णय तपासता येतो, आणि स्वाराला दादही मागता येते.

---

कृष्णाकाठ

धागा आवडला. मी सांगलीकडचा, घरी खिलार जोडी आहे, त्यामुळे जनावराला गुण देतात हे वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे शर्यतीचा निकाल झेंड्यावर आणि सेकंदावर. बैलाची चाल कशी, डौल कसा, यावर घाटातले जुने लोक तासभर बोलतील, पण निकालात त्याला जागा नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. त्या सगळ्या वर्षांत एक प्रश्न सतत विचारला जायचा, की बैलाला यात काय मिळतं? तिकडे वळूचं नाव होतं, त्याचे आकडे ठेवले जातात, हे मला महत्त्वाचं वाटतं.

एक माहिती भर घालतो. या रोडिओच्या वळूंमध्ये ब्राह्मन जातीचं रक्त भरपूर आहे. वशिंड आणि गळ्याखालची लोंबती पोळी बघा, लगेच ओळखू येईल. अमेरिकेत ही जात तयार झाली ती इकडून गेलेल्या गुरांपासून. कांकरेज, ओंगोल, गीर, आणि थोड्या प्रमाणात आपली कृष्णा खोऱ्यातली जातसुद्धा. ती जात एकोणिसाव्या शतकात दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी काळ्या जमिनीत ओढकाम करायला जोपासली होती. आज कृष्णाकाठी ती शोधावी लागते. अमेरिकन ब्राह्मन पाळणाऱ्यांची संघटना १९२४ ची, तिचं कार्यालयही बरीच वर्षं ह्यूस्टनलाच होतं. बायूकाठी, पुढच्या वेळी वशिंडवाला वळू बघितलात तर इकडची आठवण काढा.

माझा प्रश्न असा : स्वार दुसऱ्याच सेकंदाला पडला तर वळूचे गुण मोजतात की तेही वाया?

---

रानवाटा

कृष्णाकाठ दादा, पोस्ट वाचून मन भरून आलं. कृष्णा खोऱ्याच्या जातीबद्दल वेगळा धागा काढाच.

पीबीआरमध्ये स्वार पडला तरी वळूचे गुण, ५० पैकी, मोजले जातात आणि त्यावरून वर्षाचा सर्वोत्तम वळू ठरतो. लिटल यलो जॅकेट २००२, २००३ आणि २००४ असा सलग तीन वेळा ठरला. बुशव्हॅकर २०११, २०१३ आणि २०१४ ला.

बुशव्हॅकरची गोष्ट सांगितल्याशिवाय गुणांचा अर्थ पुरा होत नाही. मुख्य मालिकेत त्याने सलग ४२ स्वार पाडले. ऑगस्ट २०१३ मध्ये टल्साला जे. बी. मॉनी त्याच्यावर आठ सेकंद बसला आणि गुण मिळाले ९५.२५. त्या स्वारीचा व्हिडिओ बघताना मॉनीकडे नका बघू, आधी फक्त वळूचे मागचे पाय बघा. मग परत लावा आणि मॉनीची हनुवटी बघा. वळू पालटतो तेव्हा ती छातीवरून हलत नाही. पंचांनी नव्वदीच्या वर नेलं ते या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून. एरवी असा वळू आणि असा स्वार समोरासमोर आले की दोनतीन सेकंदांत निकाल लागतो आणि स्वाराच्या नावापुढे शून्य येतं.

---

गोठ्यातला डॉक्टर

मी पशुवैद्य आहे, त्यामुळे गुणांच्या आधीच्या गोष्टीवर बोलणं भाग आहे. वळू असा उधळतो तो त्याच्या कुशीभोवती, मागच्या पायांच्या पुढे, दोर बांधलेला असतो म्हणून. तो वृषणांवर बांधतात हा समज चुकीचा आहे, तसा तो नसतो. पण त्या जागची कातडी नाजूक असते आणि तिथला दाब झटकून टाकायला जनावर पाय झाडतं. म्हणजे पंच ज्याला 'लाथेची उंची' म्हणून गुण देतात, त्यातली काही उंची दोराची आहे. शूटमध्ये विजेचा झटका देणारी काठी वापरण्यावरही वर्षानुवर्षं आक्षेप आहेत. ब्रिटनमध्ये १९३४ च्या कायद्याने, क्रूर उपायांनी मुद्दाम उधळवलेल्या घोड्यावर वा बैलावर स्वारी करायला बंदी घातली, ती आजही आहे.

मी खेळ बंद करा म्हणत नाही. पण वळूला 'खेळाडू' म्हणायचं असेल तर त्याची संमती नाही, हे लक्षात ठेवून म्हणावं.

---

रानवाटा

डॉक्टर, तुमची पोस्ट या धाग्यावर हवीच होती. संमतीच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते असल्याचा आव मी आणणार नाही.

फक्त दोराबद्दल थोडं. वळूंसाठी तो सहसा मऊ सुती दोर असतो, एका झटक्यात सुटेल अशा गाठीचा. फार आवळला तर वळू उड्या मारण्याऐवजी अंग आखडतो, त्यामुळे गुणांसाठी तरी आवळून फायदा नाही. आज या वळूंची पैदासच उधळण्याच्या गुणावर होते, वंशावळी ठेवल्या जातात. अमेरिकन बकिंग बुल या संस्थेच्या स्पर्धांमध्ये दोन वर्षांच्या खोंडांवर माणूस बसतच नाही. पाठीवर एक छोटी पेटी बांधतात, चार सेकंद झाले की ती दूरनियंत्रकाने सोडतात आणि पंच फक्त खोंडाला गुण देतात. तो गुण अंगात नसलेलं जनावर दोर कसाही बांधला तरी मोठ्या मैदानापर्यंत पोचत नाही. विजेच्या काठीचं समर्थन मी करणार नाही.

---

अल्बर्टाची थंडी

कॅल्गरीहून. आमचा स्टॅम्पीड, म्हणजे इथला मोठा रोडिओ, १९१२ पासूनचा, त्यामुळे जुलैत इथे शाळकरी पोरंही गुणांवर वाद घालतात. धागा छान आहे, पण एका मुद्द्यावर मी रानवाटाताईंशी असहमत.

कागदावर स्वाराला ५० आणि वळूला ५०. प्रत्यक्षात टिकलेल्या स्वारांचे गुण एकमेकांच्या फार जवळ असतात. पंच स्वाराला २५ पैकी २१, २२, २३ असेच देताना दिसतात. खरा फरक पडतो वळूमुळे. मग कोणाला कोणता वळू आला यावरच निम्मी स्पर्धा ठरते. सोडतीत हलका वळू आला की उत्तम स्वारही मागे. याला मी कसबाची मोजणी कशी म्हणू?

घोड्यांकडे बघा. बेअरबॅक (खोगिराविना) आणि सॅडल ब्रॉन्क (खोगिरावर बसून) या प्रकारांत पहिल्या उडीला घोड्याचे पुढचे पाय जमिनीला टेकताना स्वाराच्या टाचा घोड्याच्या खांद्याच्या वर असल्याच पाहिजेत, नसतील तर शून्य. पुढे प्रत्येक उडीला टाच कशी ओढली ते मोजतात. तिथे स्वाराच्या गुणांना काहीतरी आधार आहे. वळूच्या बाबतीत 'ताबा' म्हणजे नेमकं काय, हे पंचाच्या नजरेवर सोडलंय.

---

रानवाटा

अल्बर्टा, मुद्दा वजनदार आहे. टिकलेल्यांचे गुण जवळजवळ असतात हे खरं, पण त्याचं कारण बघू या. जो वाईट बसतो तो बहुतेक वेळा पडतोच. पंचांपुढे गुण द्यायला उरतात ते आधीच चाळून निघालेले. त्या चाळणीचं नाव शून्य, आणि ती वळूवरच्या बहुतेक स्वारांना लागते. घोड्यावर वाईट बसूनही आठ सेकंद काढता येतात, म्हणून तिथे टाचेचा नियम लागतो. दीड हजार पौंडांचा वळू पायाखाली गरगरत असताना टाचेचा नियम लावला तर कोणाचीच स्वारी पुरी होणार नाही.

आणि वळूचे गुण स्वारापासून वेगळे काढताच येत नाहीत. उजव्या हाताने दोर धरणाऱ्याच्या पायाखाली वळू उजवीकडे फिरला तर तो 'हाताकडे' फिरला, हे त्यातल्या त्यात बरं. डावीकडे फिरला तर धरलेला हात बाहेरच्या अंगाला राहतो आणि अंग सतत हातापासून दूर फेकलं जातं. हाताच्या उलट बाजूला पडला तर मूठ दोरात पिळली जाऊन अडकते, मग बुलफायटर, म्हणजे वळूला हुलकावणी देऊन स्वाराला सोडवणारी माणसं, धावून जाईपर्यंत तो वळूबरोबर फरपटतो. चांगला पंच हा फरक बरोबर टिपतो. एकाच वळूवर एकाच पद्धतीने बसलेल्या डावखुऱ्या आणि उजव्या स्वाराला सारखे गुण देणं मला अन्यायाचं वाटेल.

सोडतीबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे. पीबीआरने त्यावर शोधलेला उपाय मला आवडतो. शेवटच्या फेरीत स्वार आपला वळू स्वतः निवडतात. सोपा वळू घेऊन टिकायचं की अवघड वळू घेऊन नव्वदी गाठायची, हा धोका त्याचा तोच पत्करतो.

---

बायूकाठी

मग १०० पैकी १०० कधी कोणाला मिळालेत का?

---

रानवाटा

एकदा. १९९१ मध्ये ऑरेगनमधल्या सेंट्रल पॉइंटला वेड लेस्लीने वुल्फमॅन नावाच्या वळूवर स्वारी केली आणि पंचांनी हात आखडता घेतला नाही. पीआरसीएच्या इतिहासात बुल रायडिंगचे ते एकमेव पूर्ण शंभर. आजचे वळू त्याहून ताकदीचे आहेत, आज तीच स्वारी झाली तर इतके गुण मिळणार नाहीत असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला हा युक्तिवाद पटत नाही. त्या दिवशीच्या पंचांनी त्या दिवशीचे वळू बघून निर्णय दिला, त्यांनी दुसरं काय करायचं होतं?

पीबीआरमधला उच्चांक ब्राझीलच्या जोझे व्हितोर लेमेचा. २०२१ च्या लास व्हेगासच्या अंतिम स्पर्धेत वूपा या वळूवर ९८.७५. त्याच वर्षी त्याच वळूवर त्याने आधी ९७.७५ मिळवले होते! एकच जोडी दोनदा जमली आणि दोन्ही वेळा पंचांचा कौल जवळपास सारखा आला. अल्बर्टा, पंचांच्या नजरेवर माझा विश्वास बसतो तो अशा उदाहरणांमुळे.

---

अल्बर्टाची थंडी

लेमेचं उदाहरण मान्य. पंच प्रशिक्षित असतात, त्यातले बरेच स्वतः माजी स्वार असतात, तेही मान्य. तरी स्वाराचे आणि वळूचे गुण फळ्यावर प्रत्येक वेळी वेगळे दाखवावेत ही मागणी मी सोडणार नाही. नुसत्या ८८ मधून प्रेक्षकाला काय कळणार?

---

रानवाटा

या मागणीला माझं शंभर टक्के अनुमोदन.

---

गोठ्यातला डॉक्टर

एक विचारायचं राहिलं. आठ सेकंदांनंतर जे घडतं त्याला गुणांत जागा आहे का? जनावराला भोंगा कळत नाही.

---

रानवाटा

नाही, डॉक्टर. भोंग्यानंतरचं काहीही मोजलं जात नाही, आणि या खेळातली सर्वांत दुःखद घटना तिथेच घडली. ३० जुलै १९८९, शायेनचा रोडिओ. लेन फ्रॉस्टने टेकिंग केअर ऑफ बिझनेस या वळूवर स्वारी पुरी केली, ८५ गुण झाले. उतरल्यावर तो चिखलात पडला आणि वळूने त्याला धडक दिली. वय अवघं २५. त्याचा मित्र कोडी लॅम्बर्ट याने त्यानंतर छातीचं संरक्षक जॅकेट तयार केलं, ते आज प्रत्येक स्वाराच्या अंगावर दिसतं. हेल्मेटचं उशिरा झालं. १५ ऑक्टोबर १९९४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पीबीआरने ते २०१३ पासून सक्तीचं केलं.

बोडेशसचं नावही घेते. शारोले आणि ब्राह्मन यांच्या संकराचा पिवळट वळू, म्हणजे कृष्णाकाठ दादा म्हणतात तेच रक्त. टफ हेडमनने १९९३ मध्ये त्याच्यावर ९५ गुण घेतले होते. १९९५ मध्ये त्याच वळूने मागे डोकं झटकून हेडमनच्या चेहऱ्याची हाडं मोडली. काही आठवड्यांनी नॅशनल फायनल्सच्या, म्हणजे पीआरसीएच्या वर्षअखेरच्या अंतिम स्पर्धेच्या, सोडतीत हेडमनच्या वाट्याला पुन्हा बोडेशस आला. फाटक उघडलं, वळू एकटाच बाहेर गेला, आणि हेडमनने हॅट उचलून त्याला सलाम केला. हिशेबात त्या दिवशी त्याला शून्य. त्याच फायनल्समध्ये आणखी एक स्वार जबर जखमी झाल्यावर मालकाने वळूला निवृत्त केलं. तिकडच्या प्रेक्षकांपैकी कोणीही हेडमनच्या त्या शून्याला पराभव म्हणताना मी ऐकलेलं नाही.

---

कृष्णाकाठ

हे वाचून दोनदा थांबलो. वळूला नमस्कार करणारा माणूस आम्हाला लगेच कळतो.

ताई, व्हिडिओ लावून घरच्या पोरांना दाखवणार आहे. काय बघायला सांगू?

---

रानवाटा

पहिल्यांदा वळूचे मागचे पाय, दुसऱ्यांदा स्वाराचा मोकळा हात. प्रत्येकाने गुण जाहीर व्हायच्या आत स्वतःचे गुण कागदावर लिहायचे, वळूचे वेगळे आणि स्वाराचे वेगळे. मग फळा बघायचा. पाचसहा स्वाऱ्यांनंतर पोरं पंचांशी भांडायला लागतील. भांडण कुठे झालं ते इथे येऊन नक्की लिहा.